उंटाच्या पेशी फुटेनात

प्रयोगशाळेत त्या दिवशी दोन नमुने होते, एक शेळीचं रक्त आणि एक उंटाचं. किती पातळ मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी तग धरतात, एवढंच तपासायचं होतं. मीठ कमी झालं की पाणी पेशींत शिरतं, त्या फुगतात आणि शेवटी फुटतात. नळ्या ओळीने लावल्या. पहिलीत ०.८५ टक्के मीठ, मग उतरत उतरत शेवटी ०.१. प्रत्येकीत ५ मिलि द्रावण आणि २० मायक्रोलिटर रक्त, गोठू नये म्हणून हेपरिन घातलेलं. नळी फक्त हलकेच उलटी करायची. जोरात हलवली की पेशी धक्क्यानेच फुटतात आणि निकाल वाया जातो. अर्ध्या तासाने नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या.

शेळीच्या नळ्यांत ०.६ च्या आसपासच वरचं पाणी लाल झालं होतं, म्हणजे पेशी फुटून त्यांचा रंग पाण्यात उतरला होता. तिच्या पेशी फार बारीक आणि नाजूक, त्यामुळे यात नवल नव्हतं. उंटाच्या ०.४ च्या नळीत मात्र वरचं पाणी नितळ आणि तळाशी पेशींचा घट्ट थर. इथवर माणसाच्याही पेशी फुटू लागतात. द्रावण चुकलं असणार, असंच वाटलं. मीठ पुन्हा तोललं, सगळ्या नळ्या नव्याने लावल्या. निकाल तोच.

मग स्लाइड पाहिली. पेशी लांबट, अंडाकृती. रक्त काचेवर ओढताना ताणल्या गेल्या असत्या तर सगळ्या एकाच दिशेला झुकल्या असत्या. या वाटेल त्या दिशांना पडल्या होत्या. पक्ष्यांच्या पेशीही लांबट असतात, पण त्यांत केंद्रक असतं, इथे ते नव्हतं.

तहानलेला उंट शरीराच्या वजनाचा पाव हिस्सा पाणी गमावूनही उभा राहतो आणि पाणी दिसलं की काही मिनिटांत १०० लिटरच्या आसपास पितो. वशिंडात पाणी नसतं, चरबी असते. प्यायलेल्या पाण्याने रक्त पातळ होतं, ते पाणी पेशींत शिरतं. उंटाची पेशी मूळ आकारमानाच्या दुपटीहून जास्त फुगते, तरी फुटत नाही. ही खरी कमाल मला त्या तळाच्या थरात दिसली.

वासराला हे जमत नाही. बराच वेळ पाण्याविना राहिलेल्या वासराला एकदम पोटभर पाणी पाजलं तर पेशी फुटून लघवी लाल होते. त्याला पाणी थोडं थोडं, थांबून थांबूनच द्यावं लागतं.