जंतांच्या औषधाची दुसरी फेरी

१२ जुलै. सकाळी खुराड्याची फळी खरवडताना विष्ठेत पांढरा जंत दिसला. बोटाएवढा लांब, पेन्सिलीच्या शिशाएवढा जाड, अजून वळवळत होता. गोलकृमी. आमच्या लाली नावाच्या कोंबडीचा तुरा महिनाभर फिकट होता आणि छातीचं हाड हाताला टोचत होतं, पण मी ते सगळं पावसाच्या माथी मारत होतो. आमचं लांजा, नऊ कोंबड्या, एक कोंबडा, आणि अंगणभर चिखल.

त्याच दिवशी पाण्यातून पाइपराझिन, म्हणजे गोलकृमीचं औषध, दिलं. साफ चुकलं. पावसाळ्यात कोंबड्या भांड्याकडे फिरकतही नाहीत, पागोळ्यांखालच्या डबक्यातलं पितात. संध्याकाळी औषधाचं पाणी जवळजवळ तसंच होतं. सासूबाईंनी पपईच्या बिया द्यायला सांगितल्या, त्याही दिल्या. कोंबड्यांनी आवडीनं खाल्ल्या, जंतांना काही फरक पडला नाही.

२० जुलै. आता विष्ठेत तांदळाच्या कण्यांसारखे चपटे तुकडे, एक तर हळूहळू सरकतोय! हे पट्टकृमीचे. म्हणजे पाइपराझिन पोटात गेलं असतं तरी यांच्यावर त्याचा उपयोग नव्हता. पट्टकृमी येतो मुंग्या, भुंगेरे आणि माश्या खाल्ल्यानं, आणि त्या आमच्या उकिरड्यावर भरपूर.

२३ जुलै. ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल सांगितलं, किलोला २० मिलिग्रॅम. बाटलीतलं औषध अडीच टक्के, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. प्रत्येकीला पिशवीत घालून ताणकाट्यावर तोललं. लाली अवघी १.१ किलो, तिला ०.९ मिलिलिटर. रात्री फांदीवर बसल्यावर उचलायच्या, सुईशिवायची सिरिंज चोचीच्या कडेनं घालायची आणि थेंब थेंब सोडायचं. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड असतं, तिथे धार मारली तर कोंबडी गुदमरते. पहिलीला घाई केली, तिनं अर्धं माझ्या सदऱ्यावर शिंकून टाकलं.

१४ दिवस अंडी घरात घ्यायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. मी ती परसात खोल पुरतोय. खुडुक बसलेल्या कवडीला अंड्यांवर बसवायचा बेत पुढे ढकलला.

१३ ऑगस्ट. दुसरा डोस. मधल्या काळात खुराड्यातलं ओलं तूस दोनदा काढून कोरडं घातलं. चुना आणि फिनेलचा या जंतांच्या अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, त्यांना लागतं ऊन, आणि ते गणपतीपर्यंत काही दिसत नाही. म्हणून भांड्याखाली जांभ्याचे चिरे रचले, पागोळ्यांना पन्हळ लावली, डबकं बुजवलं. गांडुळं मात्र कोण थांबवणार? गोलकृमीची अंडी तीही वाहून नेतात.

२७ ऑगस्ट. लाली १.३ किलो. तुऱ्याच्या टोकांना लाली आली आहे, बुडाला अजून पिवळट. अंडी आजपासून घरात. विष्ठेची डबी उद्या पुन्हा दवाखान्यात नेणार आहे.