सेवा दिन, सात पिंपं आणि लाल लुगड्यातल्या आजी

वसईत डिसेंबर लागला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, घरात नाताळच्या करंज्या आणि शाळेत गॅदरिंगची धावपळ. डान्स, नाटक, बक्षीस समारंभ, फिशपॉन्ड हे सगळं आमच्याकडेही असायचं, पण त्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस असायचा ज्याला आम्ही सेवा दिन म्हणायचो, आणि खरं सांगते, आमच्या वर्गात तरी स्टेजवरच्या डान्सपेक्षा त्या दिवसाची वाट जास्त बघितली जायची.

शाळा मराठी माध्यमाची, सिस्टरांची, चर्चला अगदी लागून. तेव्हा आम्ही मुंबई महाधर्मप्रांतात, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत मोडायचो, वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला 1998 मध्ये. वर्गात कुपारी आणि वाडवळ या वसईतल्या समाजांची ख्रिस्ती मुलं जास्त, पण आगरी, भंडारी, मुसलमान, पाड्यावरची आदिवासी मुलं पण भरपूर, आणि सेवा दिन सगळ्यांचा. हॉलच्या दारावर 100 व्या स्तोत्रातली ओळ निळ्या रंगात रंगवलेली होती, हर्षाने परमेश्वराची सेवा करा. आमच्या मोठ्या सिस्टर ती ओळ अक्षरशः पाळायच्या. कोणी तोंड पाडून कामाला आलं की त्याला चक्क ग्राउंडवर पाठवायच्या, "जा बाळा, आधी दोन ओव्हर खेळून ये, मग तांदूळ निवड." तेव्हा मजा वाटायची, आज वाटतं की एवढी समज असलेली माणसं शाळेत मिळाली हे आमचं नशीबच.

तांदळाचं सांगायलाच हवं. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, सुरू झाला की प्रत्येकानं घरून मूठभर तांदूळ आणायचे, आणि नियम असा की विकत आणायचे नाहीत, आई भात लावते तेव्हा आपल्या वाट्यातली एक मूठ बाजूला काढायची. आता प्रत्येक घरचा तांदूळ वेगळा ना, कोणाचा कोलम, कोणाचा शेतातला जाडा, कोणाचा उकडा, कोणाचा रेशनचा. सगळं एकत्र केलं तर कोलमचा होतो लगदा आणि उकडा राहतो कच्चा, म्हणून हॉलमध्ये सात पिंपं मांडलेली असायची आणि प्रत्येक पिंपापाशी नववीची एक मुलगी बसायची, ती तळहातावर चार दाणे घेऊन बोटानं दाबून बघायची आणि सांगायची कुठल्या पिंपात टाकायचं. पाचवीतली पोरं रांगेत पिशव्या धरून उभी, आणि कोणाची मूठ छोटी आहे का मोठी ते कोणी बघायचं नाही कारण पिशवी सगळ्यांची सारखीच, शाळेनंच शिवून दिलेली, शिवणाच्या तासाला उरलेल्या कापडाची. ज्या घरी खरंच कमी होतं तिथलं मूल पण मान वर करून पिशवी रिकामी करायचं. ही पिशवीची कल्पना ज्या टीचरची होती त्यांना माझा आजही नमस्कार.

मग सेवा दिनाला सकाळी आठला मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ज्यांना यायचं ते येणार, बाकीचे तोवर टेम्पो भरणार. मुलांनी वाडीतून केळीचे घड आणलेले, फुलवाल्यांच्या घरच्या मुलींनी मोगरा आणि तगर, त्यांच्या आया पहाटेच्या लोकलनं दादरला फुलं विकायला जायच्या पण त्या दिवशी एक टोपली शाळेसाठी ठेवून जायच्या. तिथून गट पडायचे, काही जण पाड्यांवर धान्य घेऊन, काही सरकारी दवाखान्यात, आणि आमचा गट बहुतेक वेळा वृद्धाश्रमात.

वृद्धाश्रमात पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही रांगेत उभं राहून नाताळची गाणी म्हटली, टाळ्या झाल्या, आणि मग काय करायचं कोणालाच कळेना. एक आजी होत्या, कुपारी, लाल लुगडं नेसलेल्या, त्या म्हणाल्या तुमचं झालं ना, आता माझं ऐका, आणि कादोडीत, म्हणजे कुपारी लोकांच्या बोलीत, लग्नाचं गाणं सुरू केलं. दोन ओळींनंतर बाकीच्या आज्या सामील, मग आमच्या वर्गातल्या ज्या मुलींना घरी ऐकून गाणं माहीत होतं त्या, आणि थोड्या वेळात आमची आगरी मैत्रीण तिच्याकडची धवलगीतं, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायला लागली. दुपारचं जेवण कधी होऊन गेलं कळलंच नाही. पुढच्या वर्षीपासून सिस्टरांनी कार्यक्रमच बदलला, आधी आज्यांची गाणी आणि मग वेळ उरला तर आमची.

संध्याकाळी शाळेत नाटक, ते दरवर्षी एकच, संत गोन्सालो गार्सियाचं, आपल्या वसईचा संत म्हणून. वडील पोर्तुगीज, आई इथली, पुढे फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला धर्मबंधू झाला, जपानमध्ये दुभाष्याचं काम केलं, आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हौतात्म्य पत्करलं, 1862 मध्ये संतपद मिळालं. पण आमच्या नाटकात क्रुसाच्या प्रसंगापेक्षा जास्त वेळ जायचा तो क्योतोच्या प्रसंगात, जिथे त्या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला होता. कुष्ठरोगी व्हायला सगळ्यांनाच हवं असायचं कारण त्यात बँडेज बांधायला मिळायचं!

आणि मदर तेरेसांची गोष्ट. 1979 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी मेजवानी रद्द करून ते पैसे गरिबांना द्यायला लावले, हे मोठ्या सिस्टर दर वर्षी सांगायच्या आणि पुढे एक शब्द बोलायच्या नाहीत. दहावीच्या एका बॅचनं आपणहून सेंड-ऑफच्या आइस्क्रीमचे पैसे पाड्यावरच्या मुलांच्या वह्यांना दिले, आणि तेव्हापासून ती रीतच पडली, पुढच्या प्रत्येक बॅचला वाटायचं आपण मागे राहायचं नाही.

हे सगळं मुरलं होतं हे कळलं जुलै 2018 च्या पावसात. वसई पाण्याखाली, लाइट नाही, ट्रेन बंद, मिठागरात माणसं अडकलेली. आमचे माजी विद्यार्थी एरवी ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणारे, त्या दिवशी कोणी कोणाला काही सांगितलं नाही तरी ज्याच्याकडे गॅस होता तो खिचडी शिजवतोय, ज्याचा ट्रॅक्टर होता तो ट्रॅक्टर काढतोय, आणि वाटप करताना गाणी चाललेली, कंबरभर पाण्यात! आमच्यातला एक जण पातेलं डोक्यावर धरून नाटकातला गोन्सालोचा डायलॉग म्हणत होता आणि गच्चीवरची माणसं हसत होती, दोन दिवस उपाशी असलेली माणसं.

मोठ्या सिस्टर आता नाहीत. शाळा आहे, सेवा दिन आहे, मुलांची संख्या थोडी घटली कारण सगळ्यांना इंग्लिश मीडियम हवंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण मागच्या डिसेंबरला गेले तर पिंपं होती, तळहातावर दाणे दाबणारी मुलगी होती, आणि नवीन म्हणजे आठवं पिंप आलंय, ब्राऊन राइसचं. या वर्षी माजी विद्यार्थ्यांकडे टेम्पो आणि डिझेलची जबाबदारी आहे, ज्यांना जमेल त्यांनी आदल्या संध्याकाळी हॉलवर या, पिंपं उचलायला माणसं लागतात.