न भरलेल्या प्रतीचेही पैसे

मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी म्हटलं की ब्राउझरवरून अमेरिकन सरकारनं भरलेला 1998 चा खटला आठवतो. खरी मेख त्याच्या दहा वर्षं आधी मारली गेली होती, आणि तीही करारात.

1988 च्या सुमारास पीसी बनवणाऱ्यांशी 'पर प्रोसेसर' करार सुरू झाले. अमुक प्रोसेसरची जितकी मशीन बाहेर पडतील, तितक्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला. एमएस-डॉस (मायक्रोसॉफ्टची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) आत भरा नाहीतर भरू नका. सुट्या प्रतींचा दर चढा, म्हणून सही करणं भागच.

हिशेब मांडून बघा (आकडे सोयीचे घेतलेत). 1000 मशीन, प्रत्येकी 20 डॉलर: 20,000 ठरलेले. आता 200 गिऱ्हाइकांना डिजिटल रिसर्च या स्पर्धक कंपनीचं डीआर-डॉस हवंय, 15 डॉलरला. यात 1000 डॉलर वाचायला हवेत. प्रत्यक्षात 3000 वरून जातात. स्पर्धकानं फुकट वाटलं तरी छदाम वाचत नाही. शिवाय किमान खरेदीची अट, आणि न वापरलेली आगाऊ रक्कम कराराचं नूतनीकरण न केल्यास बुडीत. 1993 पर्यंत पीसी कंपन्यांना गेलेल्या साधारण 60 टक्के प्रती अशा कराराखाली होत्या.

कोडमधला खोडसाळपणाही झाला, पण तो मला दुय्यम वाटतो. विंडोज तेव्हा डॉसवर चालायचं. विंडोज 3.1 च्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, कोडचा एक एन्क्रिप्ट केलेला तुकडा होता. खाली खरं एमएस-डॉस आहे का, ते तो तपासायचा. डीआर-डॉस सापडलं की 'नॉन-फेटल एरर' दाखवायचा. बिघाड काहीच नसायचा, फक्त धास्ती. अंतिम आवृत्तीत तो बंद केला, काढला मात्र नाही.

अमेरिकन सरकारशी झालेल्या 1994 च्या समझोत्यात पर प्रोसेसर करारांवर बंदी आली, करारांची मुदतही एक वर्षावर आली. तोवर उशीर झाला होता. 1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95 आलं, डॉस त्याच्या पोटातच. सुटं डॉस विकायला बाजारच उरला नाही.

पुढे मक्तेदारीची राखण करायला करारांचीही तितकी गरज नव्हती. गिऱ्हाईक सिस्टिम घेतं ते तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, आणि प्रोग्रॅमर लिहितो जिथे गिऱ्हाईक आहे तिथे. 1998 च्या खटल्याचे न्यायाधीश जॅक्सन यांच्या 1999 च्या निष्कर्षांत आयबीएमचं उदाहरण आहे: ऐन भरात त्यांच्या ओएस/2 वॉर्प या सिस्टिमसाठी सुमारे 2,500 प्रोग्रॅम होते, विंडोजसाठी 70,000 हून जास्त. मग आयबीएमनं विंडोजचे एपीआयच (प्रोग्रॅम सिस्टिमकडून कामं करून घेतात ते ठरलेले दुवे) ओएस/2 मध्ये उतरवायला घेतले. पण एपीआय बदलणं मायक्रोसॉफ्टच्याच हातात, त्यामुळे ही शर्यत संपणारी नव्हती. आयबीएमनं तो नाद सोडला.