आमची वाटचाल: तळघर, तबकड्या आणि ब्राऊन लाईन

लोक विचारतात की मिरजेचा माणूस शिकागोत ब्लूजच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या) जुन्या रेकॉर्डी साफ करायचं दुकान कसं काय काढतो. नोकरी गेली की काढतो! २००१ ला आयटीतली नोकरी गेली (तेव्हा निम्म्या लोकांची गेली), भाड्याचं तळघर, दोन टर्नटेबल आणि बायकोची नोकरी चालू. आमचं खरं भांडवल ते तिसरं, आधीच सांगून टाकतो.

कान मात्र मिरजेचा. आमच्या घरामागे तंबोरे बनायचे, जवारी काढताना, म्हणजे तारेची झंकार जुळवताना, कारागीर तासन्‌तास एकच तार छेडत बसायचा आणि आम्हा पोरांना वाटायचं याला दुसरं कामच नाही. पुढे इथे बॉब केस्टर यांच्या जॅझ रेकॉर्ड मार्ट या दुकानात मिसिसिपीचा जुना ब्लूज गायक चार्ली पॅटन पहिल्यांदा ऐकला आणि त्याचा तो गंधार, कोमल नाही शुद्ध नाही, मधेच कुठेतरी, वर तारेवर घसरत घेतलेली मींड, मी तिथेच उभा राहिलो. ते दुकान २०१६ ला बंद झालं, केस्टर २०२१ ला गेले. त्यांच्याच डेल्मार्क कंपनीत पार्सलं बांधणाऱ्या ब्रूस इग्लाऊअरने १९७१ ला हाउंड डॉग टेलर या ब्लूजवाल्याची एलपी काढायची म्हणून अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स सुरू केली. म्हणजे हा धंदा हिशोब करून कोणी काढलेलाच नाही.

आमचं काम ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी धुणं, वाजवणं आणि डिजिटल करून देणं. टर्नटेबल टेक्निक्सचा एसपी-१५, त्याला ७८ चा स्पीड आहे म्हणून. सुया इंग्लंडहून घासून आणलेल्या, सव्वादोन थाउपासून (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चार थाउपर्यंत सात-आठ, कारण प्रत्येक खाच वेगळी झिजलेली असते आणि योग्य सुई बसली की झिजलेल्या भागाच्या वर किंवा खाली चांगला आवाज सापडतो. एलपीची सुई लावाल तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर. आणि ७८ लिहिलंय म्हणजे ७८च नसतं, कधी ७६ कधी ८०, गिटारच्या सुरावरून ठरवावं लागतं. तेवढ्यात कोणी विचारलेलं नसताना सांगतो, ७८ ला अल्कोहोल लावू नका. ती लाखेची असते, लाख अल्कोहोलात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लेबल कोरडं. दर वर्षी कोणीतरी यूट्यूब बघून आजोबांची रेकॉर्ड पुसून आणतो आणि माझ्यासमोर रडतो.

ही लाख बहुतेक भारतातूनच यायची, म्हणजे बांगडीची आणि मिसिसिपीच्या गाण्याची लाख एकच. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत लाखेवर बंधनं आली, लोकांनी जुन्या रेकॉर्डी भंगारात दिल्या, काय काय गेलं असेल विचार करवत नाही. त्यात पॅरामाउंट कंपनीचा माल मुळातच हलका. विस्कॉन्सिनच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची ती शाखा, ग्रामोफोनची कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डी काढायचे. सन हाऊस, स्किप जेम्स या ब्लूज गायकांना तिथल्याच ग्राफ्टनला नेऊन रेकॉर्ड केलं, शिकागोहून गाडीने दोनेक तास, आणि छापलं असल्या मसाल्यावर की नवीकोरीही खरखरायची.

आता पोस्टमनकाका. पोस्टातून रिटायर झालेले, शिकागोच्या साउथ साइडचे, आईवडील मिसिसिपीहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने आलेले. पहिल्या महिन्यात उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक रेकॉर्ड घेऊन आले. अट एकच, रेकॉर्ड रात्री इथे राहणार नाही. समोर बसणार, काम झालं की घेऊन जाणार. मी त्यांना काका, ते मला यंग मॅन!

२०१२ ला आम्ही स्वतःची एलपी काढली. रीतसर परवानग्या, चौदा गाणी, पाचशे कॉप्या. एका गाण्याची आमची तबकडी चिरलेली, चांगली कॉपी पोस्टमनकाकांकडे. आता आमच्या डोक्यावरून ब्राऊन लाईनचा, म्हणजे शिकागोच्या लोकलचा, रूळ जातो म्हणून आम्ही काम रात्री दोननंतर करतो, तेव्हा गाड्या बंद असतात. पण काकांची अट! म्हणून दुपारी केलं, आणि एक मिनिट पन्नास सेकंदाला ट्रेन आली. खालचे आवाज फिल्टरने कापले असते तर ट्रेन गेली असती, पण गाणारा पायाने ठेका देतोय तोही गेला असता. पाय ठेवला, ट्रेन राहिली. लोक खरखर घालवायच्या नादात माणूसच घालवतात, मला ते जमत नाही.

वर्षभराने काकांचा फोन. नातवाने सीडीचा बॉक्स भेट दिलाय, चार सीडी, शंभर गाणी, आमच्या एका एलपीपेक्षा स्वस्त. म्हणाले, "यात तुझी ट्रेन वाजतेय."

ऐकलं. तीच ट्रेन, त्याच सेकंदाला. युरोपातली कंपनी, नाव घेत नाही. पत्र लिहिलं तर उत्तर आलं, हे आमच्या संग्रहातल्या मूळ तबकडीवरून केलंय. मग त्या मूळ तबकडीवर ब्राऊन लाईन कशी आली हो? वकिलाने अर्ध्या तासाचे पैसे घेऊन सांगितलं की गाण्याची मुदत तिकडे संपलीय आणि साफसफाई केली म्हणून हक्क मिळत नाही. अकरा आठवडे मी त्या गाण्यावर होतो. साफसफाई! वर एका समीक्षकाने त्या बॉक्सच्या "भारदस्त बास"चं कौतुक केलं. अरे तो बास आमचा नाही, रेल्वेचा आहे!

तीनशेदहा कॉप्या तळघरात पडून. भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या मोडल्या, त्यावर ती आजवर एक अक्षर बोललेली नाही आणि तेच जास्त लागतं. मधली वर्षं चाललं ठीक, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुंबईत २०११ पासून महिंद्राचा ब्लूज फेस्टिव्हल भरायला लागल्याने नातेवाइकांना निदान मी भंगार विकत नाही एवढं कळलं. भिंतीवर केसरबाई केरकर आणि ब्लूज गिटारवाला ब्लाइंड विली जॉन्सन यांचे फोटो शेजारी शेजारी आहेत, गिऱ्हाइकं विचारतात का, तर १९७७ च्या व्हॉयेजर अंतराळयानावरच्या एकाच तबकडीत दोघं आहेत म्हणून.

दुसरी एलपी ठरवली आणि फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियात बॅनिंगचा लॅकरचा कारखाना जळाला. मास्टर, म्हणजे छपाईची मूळ तबकडी, कापायला लागणाऱ्या कोऱ्या लॅकर चकत्या बनवणारे तेव्हा जगात दोनच होते, हा आणि एक जपानमधला. मग कोविड, मग मोठ्या कंपन्यांनी रेकॉर्डींचे छापखाने भरून टाकले आणि आम्ही पाचशेवाले रांगेत शेवटी. चौदा महिने उशीर. तेव्हा पोस्टमनकाकांनी वीस कॉप्यांचे पैसे आधीच रोख आणून ठेवले, लिफाफ्यात, पावती नको म्हणाले. एलपी आल्यावर दोनच नेल्या, बाकीच्या अजून कपाटात त्यांच्या नावाने आहेत. छोट्या लोकांनो, छापखान्याला सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

काका आता नव्वदीपुढचे. परवा अभ्र्यातून एक तबकडी आणली, कडेला टवका उडालेला. म्हटलं आज राहू द्या, रात्री दोनला करतो, शांतता असते. नाही म्हणाले. खुर्ची ओढून बसले. दुपारीच केली, ट्रेन दोनदा आलीय.