'शोअरिंगसह' या एका शब्दाची किंमत

पुण्याबाहेरच्या एका गृहप्रकल्पावर सांडपाण्याच्या लाइनची खोदाई चालू होती. चर 40 मीटर लांब, 3 मीटर खोल. वर दीड मीटर काळी माती, खाली मुरूम, आणि रात्रभर पाऊस झालेला. सकाळी दहाच्या सुमारास काठापासून दोन फुटांवर, चराला समांतर, बोटभर रुंदीची भेग दिसली. खाली दोघं पाइपचा सांधा भरत होते. त्यांना शिडीने वर घेतलं, काठावरचा पंप बंद केला. पाऊण तासात चार मीटर लांबीचा काठ आत बसला. सात घनमीटर ओली माती, म्हणजे बारा टनांच्या आसपास. एवढ्या मातीत छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं डोकं बाहेर असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही.

आयएस 3764 हे खोदाईच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक सांगतं, दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार (शोअरिंग, म्हणजे काठ ढासळू नये म्हणून लावलेल्या फळ्या आणि जॅक) द्या आणि उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त तेवढी लांब टाका. आमचा ढीग अर्ध्या मीटरवर होता. फळी एकही नव्हती.

ठेकेदाराला दोष देऊन मी थांबलो नाही, कारण टेंडर आम्हीच काढलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'खोदाई, शोअरिंगसह, प्रति घनमीटर'. फळ्या लावा वा न लावा, बिल तेवढंच. न लावणाऱ्याचा दर कमी, म्हणून काम त्यालाच. 'आम्ही 1 टक्का सेस भरतो की' असंही ऐकू आलं. तो उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जातो, त्यातून साइटवर एक वासाही येत नाही.

पुढच्या लाइनला शोअरिंग वेगळा आयटम केला: जागेवर लावलेलं, प्रति चौरस मीटर, एम.बी.त (मोजमाप नोंदवहीत) मोजून. सगळा चर धरला तर दोन्ही बाजू मिळून 240 चौरस मीटर होतात, आणि हा आकडा ऐकूनच मालक दचकतात. पण एका वेळी सहा मीटरचाच टप्पा उघडा ठेवला तर 36 चौरस मीटरचं सामान पुरतं; तेच पुढे सरकवायचं. दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये आडवे जॅक लावताना वरून खाली यायचं, काढताना भराव टाकत खालून वर. खालचा जॅक भरावाआधीच काढला की पायथा सुटतो आणि तिथेच माणसं मातीखाली अडकतात.

तेव्हापासून मुकादमच फळ्या बसल्या की मोजायला बोलावतो, आणि मोजणी होईपर्यंत शिडी खाली सोडत नाही.