बेसमेंटातला घुमारा

दुपारी तांदूळ काढायला बेसमेंटात उतरलो आणि कोपऱ्यातल्या पोत्यापाशी थबकलो. पखवाजाचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. सोफ्यावर बसून जो बास सपक लागतो, तो इथे थेट पोटात शिरत होता. म्हणजे एवढा खर्च करून मैफल ऐकतंय कोण, तर बासमती.

शिकागोकडच्या घरांत वरच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेलं जिप्सम. त्या थरथरतात, थोडा आवाज जिरवतात, उरलेला बाहेर सोडतात. बेसमेंटाला काँक्रीट, आणि काँक्रीटमागे माती. शेजारी तक्रार करत नाहीत हे खरं, पण आवाजही घर सोडत नाही. आमची खोली 12 फूट रुंद. त्यामुळे 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये ठाण मांडतो. भिंतीलगत मातलेला, बरोबर मधोमध जवळजवळ गायब. आणि मधोमध काय? सोफा. भिंतीला स्पंज चिकटवणाऱ्यांची मला गंमत वाटते. ही लहर जवळजवळ 24 फूट लांब. तिला दोन इंचांचा स्पंज दिसत तरी असेल का?

यावर जाणत्यांचा एक तोडगा आहे. सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा स्पीकर, उचलून सोफ्यावर ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. बास जिथे नेटका ऐकू येईल, तिथे सबवूफरची जागा. मी रांगत असताना ही कपडे धुवायला खाली आली.

"काय हरवलं?"

"बास."

तिने मशीन लावलं आणि वर निघून गेली. मशीनचा बास, खरं सांगतो, चांगला होता.

काचा थरथरल्या की बास भारी, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ठोका किती मोठा यापेक्षा तो संपतो कधी, हे मी बघतो. गावच्या देवळात भजनाआधी पखवाजवाले बुवा परातीत कणीक मळून घेत. धुम्यावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, गोळा थापायचा, एक थाप, मान तिरकी, चिमूटभर कणीक काढायची, पुन्हा थाप. आम्ही पोरं त्या चिमटीवर टपलेली, चिमण्या करायला. बुवा कुणाला काही समजावत नसत. कणीक वाढली की आवाज खाली उतरतो, हे आम्हाला नुसतं ऐकू यायचं. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. थाप छातीवर आदळायची आणि पाराकडे निघून जायची. पुढच्या थापेला जागा मोकळी.

इथे भिंती पाडता येत नाहीत. कोपऱ्यांत बास जिरवायला जाडजूड रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरता येईल, पण तिथे तांदूळ आहेत, हीटर आहे, दिवाळीचे आकाशकंदील आहेत. रांगून सापडलेली जागा नेमकी जिन्याच्या पायथ्याशी, येता-जाता ठेच लागेल अशी. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक, असे दोन सबवूफर ठेवले तर खोली बरीच वठणीवर येते. हा मुद्दा घरात अजून काढलेला नाही.