एकच कसोटी चुकली

४ मार्च

आज सिव्हिल लाइन्सवरून येताना व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या) जुन्या मैदानापाशी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो. २००६ साली याच तारखेला, शनिवारी, बाबांसोबत आत बसून इंग्लंडचा सलामीवीर ॲलिस्टर कुकचं पहिलं कसोटी शतक पाहिलं होतं. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. आई नको म्हणत होती, तरी बाबा घेऊन गेले. आम्हाला ओढ होती सचिनची बॅटिंग बघण्याची. पण हा एकवीस वर्षांचा डावखुरा पोरगा हलेल तर ना!

इंग्लंडचा कर्णधार वॉनचा गुडघा दुखावलेला, सलामीवीर ट्रेस्कोथिक मायदेशी परतलेला, म्हणून याला वेस्ट इंडीजमधून, इंग्लंड 'अ' संघाच्या दौऱ्यावरून, घाईघाईनं नागपुरात आणलं होतं. इतक्या प्रवासानंतर पहिल्या डावात ६० आणि दुसऱ्यात नाबाद १०४. समोर कुंबळे आणि हरभजन. फटके मोजकेच : कट, पुल आणि पायावर आलेला चेंडू लेगला ढकलणं. बाबा तेव्हा म्हणाले होते, "दिसायला काही खास नाही, पण हा लवकर जायचा नाही."

पुढे मुंबईची कसोटी पोट बिघडल्यामुळे त्याला खेळता आली नाही. आणि मग? मग एकही चुकली नाही. २०१८च्या सप्टेंबरपर्यंत सलग १५९ कसोट्या! एकूण १६१. मला त्याच्या १२,४७२ धावांपेक्षा हा आकडा जास्त मोठा वाटतो. सलामीवीराला प्रत्येक वेळी ताज्या दमाचा गोलंदाज आणि कोरा चेंडू. बारा वर्षं दुखापतीनं बाहेर नाही, की निवड समितीनं वगळलं म्हणूनही नाही.

वगळण्याची वेळ आली नव्हती असं नाही. २०१०च्या उन्हाळ्यात त्याची बॅट रुसली होती, जागा जाणार असं सगळे म्हणत होते. लंडनच्या ओव्हलवर पाकिस्तानविरुद्ध शतक करून तो वाचला आणि त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात त्यानं ७६६ धावा केल्या. ब्रिस्बेनला नाबाद २३५. तो डाव मी पहाटे उठून पाहिला होता.

२०१२मध्ये कर्णधार म्हणून तो भारतात परत आला तेव्हा मात्र मला त्याचा राग आला. वानखेडेवर त्याचे १२२, पीटरसनचे १८६ आणि आपण हरलो. शेवटची कसोटी नागपूरच्या नव्या मैदानावर, जामठ्याला. तिथे कुकच्या धावा १ आणि १३, पण सामना अनिर्णित राहिला आणि मालिका इंग्लंडनं २-१ अशी नेली. भारतात अठ्ठावीस वर्षांनी! आपलं हरणं जिव्हारी लागलं होतं, पण त्याला मनातल्या मनात दाद दिली होती.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१४चा कुक. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ॲशेस मालिका ५-० गेलेली, वर्ष उलटून गेलं तरी शतक नाही, कर्णधारपदावरून रोज टीका. साउदॅम्प्टनला आपल्याविरुद्ध १५ धावांवर स्लिपमध्ये जडेजानं त्याचा झेल सोडला. तो ९५ पर्यंत गेला. शतक हुकलंच, पण प्रेक्षक त्याच्या एकेका धावेला टाळ्या वाजवत होते. शतकासाठी त्याला पुढच्या मेपर्यंत थांबावं लागलं. माझी नोकरी गेली त्या वर्षी मी ही खेळी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

त्याची शेवटची कसोटीही आपल्याशीच, ओव्हलवर. ७१ आणि १४७. तो ९६ वर असताना एक धाव पळाला, बुमराहचा थ्रो सीमापार गेला आणि शतक पूर्ण. सगळं मैदान उभं राहिलं. घरी टीव्हीसमोर बाबाही उभे राहिले.

त्यानंतर तो 'सर' झाला, आणि तरीही २०२३पर्यंत एसेक्सकडून काउंटी, म्हणजे इंग्लंडमधलं स्थानिक क्रिकेट, खेळत राहिला. एप्रिलच्या गारठ्यात, तुरळक प्रेक्षकांपुढे, पुन्हा तोच कोरा चेंडू खेळायला.